मुनीरचाचांचे शेअर आणि मी गाळलेलं पान

मुनीरचाचा,

तुम्हाला जाऊन तिसरा आठवडा लागला होता, तेव्हा निलोफरचा फोन आला. रडली नाही, इकडचं तिकडचं बोलली नाही. तुमची मुलगी तुमच्यासारखीच, आधी कामाचं. म्हणाली, "दीदी, अब्बांनी माझ्या खात्यात त्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर घेऊन ठेवलेत. ठेवू का विकू? अब्बा म्हणायचे, कंपनीचं काही कळलं नाही तर मुक्ताला विचार, तिनं सगळं वाचलंय."

विकून ती काय करणार, हेही तिनं सांगितलं. तुमचं डीटीपीचं दुकान पुन्हा उघडायचं. नवा कॉम्प्युटर, गाळ्याचं भाडं, त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं. "अब्बांचं काम मला येतंय दीदी, दुसरं काही येत नाही." तुम्ही मागं ठेवलंत ते एवढंच. मी चुकीचं सांगितलं तर तिच्याकडं दुकानही राहणार नाही आणि शेअरही.

मी म्हटलं, दोन दिवस दे. दोनाचे आठ झाले. आठ दिवस मी तिचा फोन टाळला, कारण तुम्ही तिला सांगितलं ते खरं नव्हतं. मी सगळं वाचलं होतं हे बरोबर. पण तुम्हाला मी सगळं सांगितलं नव्हतं.

आमच्या नांदेडच्या घरात पाहुणे कमी यायचे आणि पत्रकं जास्त. बाबा धान्याच्या मोंढ्यातल्या हमालांची संघटना चालवायचे. माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची, डब्यातल्या भाकरीखाली पत्रक. ती सगळी लातुरात तुमच्याकडं लागायची, म्हणजे टाईप होऊन मांडली जायची, कारण नांदेडच्या छापखान्यांवर व्यापाऱ्यांचा दाब होता. म्हणून सोळाव्या वर्षी मला डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला टाकलं तेव्हा बाबांनी वसतिगृहाचा पत्ता दिला नाही, तुमच्या दुकानाचा दिला. "काही लागलं तर मुनीरकडं जा." मला तीन महिन्यांत लागलं. परीक्षेत कमी मार्क पडलेल्या पोरांना क्लासनं वेगळ्या इमारतीत बसवलं, तिथं ना पंखा ना शिकवायला बरा माणूस. फी मात्र तीच. मी रागानं दोन पानं लिहून तुमच्याकडं आणली. तुमच्या पडद्यावर त्याच क्लासच्या टॉपरांची जाहिरात उघडी होती.

तुम्ही दोन्ही पानं सावकाश वाचलीत. म्हणालात, "मजकूर बरा हाय. बापापेक्षा वाक्यं लहान लिहितीस. पण बेटा, फाईलला नाव नीट दे. न्हाईतर तुझी घोषणा त्यांच्या टॉपरच्या खाली छापून येईल, आन् मग आपण दोघंबी गावाबाहेर."

पैसे घेतले नाहीत. क्लासकडून घेतले, त्यात माझ्या पत्रकाचा कागद बसवला. मी क्लास सोडला. क्लासनं मला सोडलं असं म्हणा. त्यानंतर मी डॉक्टर होणार नाही हे बाबांच्या आधी तुम्हाला कळलं.

त्या गल्लीत तुम्ही जे काम करायचात त्याचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. अख्खा चौक पोरांच्या चेहऱ्यांनी मढवलेला. जळकोटकडची एक मुलगी एका वर्षी तीन क्लासची टॉपर होती. तुमच्याकडं तिची एकच फाईल. एका क्लाससाठी मागं निळा, दुसऱ्यासाठी भगवा, तिसऱ्यासाठी हिरवा रंग. मी विचारलं, "चाचा, लाज नाही वाटत?" तर म्हणालात, "तिला विचार की. तिघांनी तिची फी माफ केली, ती कशाला लाजंल?" पण क्लासवाल्यांनी चेहरे गोरे करायला सांगितलं की तुम्ही करत नव्हता. "सर, पोराला त्याच्या आईनं वळखाय पाहिजे." ऑर्डर गेली तरी चालेल, असा तो आवाज असायचा. याच आवाजामुळं मी तुमच्याशी दहा वर्षं भांडत राहिले. ज्याच्यात काही नसतं त्याच्याशी कोण भांडतं?

भूकंपाचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. दुपारची लाईट गेली होती आणि मशीन बंद होतं म्हणून. तुम्ही एकोणीस वर्षांचे, मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होतात. औशाकडं मदतीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कुणीतरी कॉम्प्युटर आणून ठेवला होता, पण त्यावर मराठी लावणारं माणूस नव्हतं. तुम्हाला बसवलं. गावोगावहून गेलेल्या माणसांच्या, हातानं लिहिलेल्या याद्या यायच्या, पावसानं शाई पसरलेल्या. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, गाव. एका यादीत तुमची आपा, तुमची थोरली बहीण, आली. तुम्ही तिचं नाव टाईप केलंत आणि खालच्या नावावर गेलात, कारण मागं एक माणूस उभा होता आणि त्याला यादी घेऊन संध्याकाळच्या आत परत जायचं होतं.

हे सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "हाताला काम त्या यादीनं लावलं, बेटा."

ज्या प्रोग्रॅमवर तुम्ही त्या याद्या लावल्या, तो पुढं या अमेरिकन कंपनीकडं गेला. म्हणून तुम्ही तिचं नाव शेजाऱ्याचं घ्यावं तसं घ्यायचात. मोबाइलवरच्या एका ॲपमधून परदेशी शेअरचा तुकडासुद्धा घेता येतो हे कळलं तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव विचारलंही नाही. बँकेत मुदत ठेव करायची नव्हती, व्याज तुम्हाला चालत नव्हतं. भागीदारी चालत होती. शेजारचा चहावाला हुसेन चिडवायचा, "मामू अमेरिकेच्या कंपनीत पार्टनर झाले, आता चहा त्यांनीच पाजायचा." तुम्ही खरंच पाजायचात.

पण घेण्याआधी तुम्ही कंपनी तोलली. तसं तोलणं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही. दिवाळीनंतर क्लासचं काम बसतं, त्या रिकाम्या दुपारी तुम्ही खराब झालेल्या फ्लेक्सच्या पाठीवर स्केचपेननं गावांची नावं लिहिलीत. चाकूर, रेणापूर, जळकोट, उदगीर, देगलूर, नांदेड. प्रत्येक गावातल्या ओळखीच्या डीटीपीवाल्याला फोन लावलात. दोनच प्रश्न. कुठलं सॉफ्टवेअर वापरता? आणि ओरिजिनल आहे का?

जळकोटचा खदखदून हसला. फोन स्पीकरवर होता. "ओरिजिनल? मामू, सकाळपासून कोणी भेटलं न्हाई का, माझी थट्टा करायलाव? इथं मी ओरिजिनल हाय का न्हाई त्याचाच पत्ता न्हाई."

चाकूरच्यानं विचारलं, "का हो? धाड पडायली काय?" आणि फोन ठेवून दिला. नंतर कळलं, दोन दिवस त्यानं दुकानच उघडलं नाही.

सगळ्या गावांपुढं एकाच कंपनीचं नाव आलं आणि पैसे भरणारा एकही नाही. मी म्हटलं, "झालं ना? सगळ्या मराठवाड्यातून कंपनीला दमडी मिळत नाही. असल्या कंपनीत काय पैसे घालता?"

तुम्ही माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलंत. "उलटं वाचायलीस. इतक्या गावांत इतक्या माणसांचे हात तिनं फुकटात वळवून घेतले. उद्या कुलूप लावलं तर ही माणसं कुठं जातील? दुसरं शिकतील? मी शिकंन का या वयात? पावती फाडायची राहिलीय फक्त."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच लाचारीत पैसे गुंतवणार."

"हाव. दुसऱ्याच्या लाचारीत गुंतवण्यापेक्षा बरं."

बाजारातले लोक त्या कंपनीच्या दुसऱ्या धंद्यावर खूश होते, घरातल्या माणसांनी मोबाइलवर फोटो नटवायच्या ॲपांवर. तुम्ही म्हणायचात तो फेस आहे. घरचं माणूस आज एक ॲप ठेवतं, उद्या काढून टाकतं. खरा जीव धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे आपण दिवसाचे दहा तास वापरतो. हातात बसलेलं हत्यार कारागीर टाकत नाही. कुलूप लागलं, तसं तुमचं म्हणणं खरं ठरलं. जुन्या फुकटच्या सीड्या चालेनात, आणि त्या गल्लीत सर्वात आधी वर्षाचं भाडं भरलं ते तुम्ही. भरल्याची पावती छापून काचेला लावलीत. "आता आपण चोर नाही," म्हणालात. मी त्यावर एका पाक्षिकात लेख लिहिला होता, हत्यार विकत न देता भाड्यानं देणाऱ्या नव्या सावकारांवर. तुम्ही तो लावलात, त्याच भाड्याच्या हत्यारावर, आणि माझी शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केलीत.

मग तो वार्षिक अहवाल आला. तुम्ही तो छापून क्लासच्या नोट्सना करतात तशी स्पायरल बांधणी केली होती आणि मला नांदेडहून बोलावून घेतलं होतं. शेअर वाढवायचे की आहेत तेवढेच ठेवायचे, हे ठरवायचं होतं. दोन दिवस मी वाचत होते आणि तुम्ही हातात पेन्सिल घेऊन ऐकत होतात. धंद्याच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आलं तेव्हा तुम्ही हुसेनला हात करून गप्प बसवलंत.

त्या प्रकरणात एक पान होतं. कंपनी म्हणत होती, आता आमच्या सॉफ्टवेअरला नुसतं सांगितलं की ते स्वतः मांडणी करील, चित्र काढील, मजकूर बसवील. ज्याला यातलं काही येत नाही असा माणूस काही मिनिटांत तयार काम हातात घेईल. पुढची वाढ यातूनच येणार आहे.

मी ते इंग्रजीत वाचलं आणि मान वर केली. तुमच्या मागं भिंतीवर तीस वर्षांचं काम लावलेलं होतं, लग्नपत्रिका, पत्रकं, एक जुनी पिवळी पडलेली यादी. मी म्हणाले, "इथं लिहिलंय, नव्या लोकांनाही वापरता येईल असं सोपं करणार आहेत."

"चांगलं हाय," म्हणालात. "गिऱ्हाईक वाढंल." आणि पेन्सिलीनं बरोबरची खूण केलीत.

मी पुढचं पान उलटलं.

चाचा, मी चौकात उभी राहून हजार माणसांना खरं सांगायला घाबरले नाही. पोलीस ठाण्यात रात्र काढली आहे. ज्या लेखांमुळं माझी एक नोकरी गेली त्यातला एकही शब्द मागं घेतला नाही. आणि समोर बसलेल्या एका माणसाला मी एक पान वाचून दाखवू शकले नाही. मला वाटलं ही दया आहे. दया म्हणजे काय हे मला आमच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही फक्त हक्क शिकलो होतो. त्या दिवशी तुमचा हक्क होता ते पान ऐकण्याचा.

तुम्ही शेअर वाढवलेत. वर्षभरात क्लासांची कामं यायची थांबली. कुणी भांडलं नाही, कुणी हिशेब तोडला नाही. क्लासच्या ऑफिसातल्या मुली पावती फाडता फाडता टॉपरची जाहिरात करू लागल्या. फक्त नाव आणि मार्क सांगायचे. चेहरा न सांगताच गोरा व्हायचा.

तुम्ही दुकान बंद केलं त्या आठवड्यात मी आले, ते सगळं कबूल करायला. तुम्ही शटरच्या आत खुर्ची टाकून बसला होतात. मी सुरुवात केली, "चाचा, त्या अहवालात एक पान होतं..."

"माहीत हाय," तुम्ही म्हणालात. "तू वाचताना तुझा आवाज बदलला. तू गेल्यावर निलोफरच्या मोबाइलचा कॅमेरा धरला त्या पानावर, त्यानं मराठी करून दिलं. वाईट मराठी, पण समजलं."

"मग तरी घेतले?"

"मग म्हणूनच घेतले."

मला अजून आठवतं, मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच भयंकर राग आला. मी म्हणाले, म्हणजे तुम्ही जाणूनबुजून आपल्या लोकांना संपवणाऱ्याचे भागीदार झालात. जळकोटचा, चाकूरचा, देगलूरचा, सगळे जातील आणि त्यांच्या जाण्यावर तुमचा शेअर वर जाईल. तुम्ही मालकाच्या बाजूला जाऊन बसलात.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "मुक्ता, मोंढ्यात पोती उचलायचा मशीनचा पट्टा येणार होता तेव्हा तुझ्या बापानं पट्ट्याच्या विरोधात पत्रकं काढली. मीच लावली. लई चांगली पत्रकं होती. पट्टा आला. आज तिथं किती हमाल हायत?"

"म्हणून पत्रकं काढायचीच नाहीत?"

"मी कुठं तसं म्हणलो. तू काढ. मी लावून देतो." मग बंद मशीनकडं पाहिलंत. "दुकान तर जाणारच होतं. माझं जाणं विकून कुणाला तरी पैसा होणार होता. त्यातला जरासा माझ्या पोरीला व्हावा, एवढंच बघितलं."

हुसेन चहा घेऊन आला. मी चहा न घेता निघाले. तुम्ही हाकही मारली नाहीत. मला वाटलं, पुढच्या महिन्यात येऊ आणि उरलेलं भांडू.

माझ्याकडं उत्तर होतं, चाचा. एसटीत बसल्यावर सुचलं. तुमचं सगळं तोलणं एका गोष्टीवर उभं होतं, की कारागीर हत्यार टाकत नाही म्हणून भाडं भरत राहील. पण हत्यारानंच कारागीर काढून टाकला तर भाडं कोण भरणार? क्लासची मुलगी तुमच्यासारखं वर्षाचं भाडं भरत नाही, ती फुकटातलं वापरते आणि उद्या दुसऱ्या कंपनीचं वापरील. तिचा हात कुणीच वळवलेला नाही. म्हणजे कंपनीचं हे सॉफ्टवेअर चाललं तर तुम्ही संपता, आणि तुमच्यासारखे सगळे संपले तर कंपनीचा तो खरा जीवही संपतो. हे तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही काहीतरी म्हणाला असता. तुमच्याकडं नेहमी असायचंच काहीतरी. मला ते ऐकायचं होतं, हे आता जास्त खरं आहे.

आठव्या दिवशी मी निलोफरला फोन केला. आधी ते पान काढलं आणि तिला मराठीत वाचून दाखवलं, एकही शब्द मऊ न करता. मग माझा एसटीतला सगळा विचार सांगितला.

शेवटी म्हणाली, "हे तर मला माहीत हाय दीदी. रोज समोर दिसायलंय. मला वाटलं तुम्हाला काही वेगळं माहीत असंल."

"काय वेगळं?"

"दुकान चालंल, असं काहीतरी."

मी म्हटलं, "विक. पण दुकानात घालू नकोस."

"मग कशात घालू?"

पत्रकाच्या शेवटी मागण्या असतात. एक, दोन, तीन, आकडे टाकून. मी लहानपणापासून त्या पाठ म्हणत आले. कितीही अंधार असला तरी पत्रकाच्या तळाशी कुणाकडं तरी काहीतरी मागता येतं. त्या दिवशी फोन कानाला धरून मला एकही मागणी सुचली नाही. कुणाकडं मागायची तेही सुचलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, निलोफर."

ती भांडली नाही. तुम्ही असता तर भांडला असता. "ठीक आहे दीदी, थँक्यू," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं शेअर विकले. गाळा मालकाला परत दिला. चाचींनी सांगितलं की आता ती एका क्लासच्या ऑफिसात बसते, नऊ ते सात. प्रवेशाचे अर्ज घेते आणि टॉपरांच्या जाहिराती करते. पगार बरा आहे म्हणतात. तुमचं काम तिला येतं, पण तिथं त्याची कुणाला गरज पडत नाही.

आज दुपारी तिनं मला मोबाइलवर तुमच्या चाळिसाव्या दिवसाची पत्रिका पाठवली. दुपारी अस्रच्या नमाजनंतर कुराणखानीचं वाचन, मग जेवण. हिरवी किनार, वर तुमचा फोटो, खाली घरच्यांची नावं. खाली तिनं लिहिलं होतं, "ऑफिसातच केली दीदी, जेवणाच्या सुट्टीत. नुसतं सांगितलं, त्यानंच लावून दिली. कशी झाली?"

मी ती मोठी करून ओळीओळीनं पाहिली. मी चूक शोधत होते. कुठंतरी मांडणी सुटलेली असेल, एखादी ओळ वाकडी असेल, किनार आणि मजकूर यांच्यात तुम्ही सोडायचात तेवढी जागा नसेल. माझी खूप इच्छा होती की ती पत्रिका वाईट असावी.

छान झालीय, असं मी तिला कळवलं. ते खरं होतं, चाचा.